हजेरी घेणाऱ्यालाच गैरहजेरी दिसते

कुरआनमधल्या सूरह नम्लमध्ये हजरत सुलैमान अलैहिस्सलाम यांचा एक प्रसंग येतो. मदरशात किंवा घरात नानी-दादीकडून आपल्यापैकी बहुतेकांनी तो ऐकलेला असतो. सुलैमान पक्ष्यांची पाहणी करतात आणि त्यांच्या लक्षात येते की हुदहुद जागेवर नाही. ते रागावतात. काही वेळाने हुदहुद हजर होतो आणि सबा देशाच्या राणीची खबर देतो. पुढची गोष्ट राणीची, तिच्या सिंहासनाची. आपल्याकडे वाअज करणारेही लवकरच त्या सिंहासनाकडे वळतात. मला मात्र शिक्षक म्हणून गोष्टीची सुरुवातच जास्त महत्त्वाची वाटते. एवढ्या मोठ्या लष्करात एक पाखरू नाही, हे कळले कसे? हजेरी घेतली म्हणून कळले. ज्याच्याकडे हजेरीपट नाही, त्याला गैरहजेरी दिसूच शकत नाही.

हे आठवायचे कारण आपल्या सोलापूरचाच एक गैरहजर पक्षी. शहरातून बार्शी रस्त्याने वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज आहे. द्राक्षांसाठी हे गाव राज्यभर माहीत आहे आणि माळढोकासाठी जगभर. माळढोक, उर्दूतला तुगदर, हा माणसाच्या कमरेच्या वर येणारा, जगातल्या सर्वांत वजनदार उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्या लोकांनी १९७० च्या दशकात इथल्या माळढोकांकडे लक्ष वेधले आणि १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झाले. आज तिथे माळढोक जवळजवळ नाही. अलीकडच्या वर्षांत आकडा एका हाताच्या बोटांवर आला आणि आता एखादी मादी दिसली तरी वर्तमानपत्रात बातमी होते.

माळढोक का गेला यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. गवताळ माळाला सरकारी कागदात पडीक म्हटले गेले, त्यावर झाडे लावली गेली, पाणी आले तिथे ऊस आणि द्राक्ष आले, विजेच्या तारा आल्या, मोकाट कुत्री आली. हे सगळे खरे आहे. माझा आजचा मुद्दा याच्या अलीकडचा आहे: आपण पक्षी मोजतो म्हणजे नेमके काय मोजतो, आणि किती वर्षे मोजतो?

माळढोकाची मादी साधारणपणे वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. जवळजवळ चार आठवडे ती एकटीच ते उबवते. पिल्लू वयात यायला काही वर्षे लागतात, पण एकदा मोठा झालेला पक्षी बरीच वर्षे जगतो. याचा अर्थ असा की एखाद्या माळावर दहा वर्षे एकही पिल्लू जगले नाही, तरी तिथे मोठे पक्षी दिसत राहतात. पाहणारा म्हणतो, आहेत की! शाळेचे उदाहरण घ्या. आठवी, नववी, दहावीचे वर्ग भरलेले असतात, बाक कमी पडतात, स्नेहसंमेलनाला गर्दी होते. पण पहिलीत या वर्षी चारच मुले आलेली असतात. ती शाळा बंद पडायला सुरुवात झालेली असते. फक्त दिसायला अजून सहा-सात वर्षे आहेत. मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शिक्षकांना हे समजावून सांगावे लागत नाही. एकूण पटापेक्षा पहिलीचा पट पाहायचा असतो. पक्ष्यांमध्ये पहिलीचा पट म्हणजे घरटी, अंडी आणि उडण्याइतकी मोठी झालेली पिल्ले.

राज्यातल्या अभयारण्यांत बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याकाठी मचाणावर बसून प्राणी मोजायची पद्धत आहे. काळवीट, लांडगा, खोकड यांच्यासाठी ती ठीक आहे. पण आपल्याकडचा माळढोक दिवसा चरतो आणि पावसाळ्यात अंडी घालतो. उन्हाळ्यातल्या एका रात्रीची मोजणी त्याच्या पहिलीच्या पटाबद्दल काही सांगू शकत नाही. त्यासाठी हंगामभर, तेही दरवर्षी, त्याच माळावर, त्याच पद्धतीने, घरट्याला धक्का न लावता लांबून पाहत बसावे लागते.

असे बसलेला एक माणूस जगाला माहीत आहे. अलास्काच्या उत्तर टोकाशी, आर्क्टिक समुद्रात कूपर नावाचे एक उघडेबोडके बेट आहे. जॉर्ज डिवोकी नावाचा अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ तिथे १९७५ पासून उन्हाळा घालवत आला आहे. तिथे ब्लॅक गिलेमॉट नावाचा, कबुतराएवढा, काळ्या अंगाचा आणि लाल पायांचा समुद्रपक्षी नौदलाने टाकून दिलेल्या लाकडी पेट्यांच्या आडोशाला अंडी घालत होता. सुरुवातीला दहा जोडपी होती. डिवोकीने आणखी आडोसे करून दिले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती दोनशेच्या वर गेली. तो दरवर्षी एकच काम करायचा: पहिले अंडे कोणत्या तारखेला, किती अंडी, किती पिल्ले उडाली, पायात कडी असलेले कोणते पक्षी परत आले, ते वहीत लिहायचे.

तो हवामानबदल शोधायला गेलेला नव्हता. तेव्हा हा शब्द वर्तमानपत्रातही फारसा नव्हता. पण वीस वर्षांच्या तारखा एकाखाली एक मांडल्यावर दिसले की पहिल्या अंड्याची तारीख अलीकडे सरकते आहे, कारण बर्फ लवकर वितळतो आहे. सुरुवातीला पक्ष्यांना त्याचा फायदाच झाला. मग बर्फ किनाऱ्यापासून इतका दूर गेला की त्याच्या कडेला मिळणारे मासे पिल्लांसाठी आणणे कठीण झाले. बर्फ गेल्याने जमिनीवर अडकलेली ध्रुवीय अस्वले बेटावर येऊन पिल्ले खाऊ लागली. लाकडी पेट्यांच्या जागी त्याला अस्वलाला उघडता येणार नाहीत अशा प्लॅस्टिकच्या पेट्या ठेवाव्या लागल्या. तरीही जोडप्यांची संख्या शंभराच्या खूप खाली आली. ही सगळी कहाणी एका वर्षाच्या मोजणीतून कधीच निघाली नसती. दोनशे जोडप्यांच्या वर्षी कुणी एकदाच जाऊन आले असते, तर सगळे उत्तम चालले आहे असा अहवाल दिला असता, आणि तो अहवाल खोटाही नसता.

आपल्या महाराष्ट्रातही असे एक बेट आहे. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या समोर समुद्रात खडकांचा एक समूह आहे, वेंगुर्ला रॉक्स. तिथे सुरय जातीचे समुद्रपक्षी अंडी घालतात. ॲलन ह्यूम, जो पुढे काँग्रेसच्या संस्थापकांत गणला गेला, तो १८७५ मध्ये तिथे गेला होता आणि त्याने त्याबद्दल लिहिले. पुढे मुंबईचे हुमायून अब्दुलअली तिथे गेले आणि त्यांची नोंद १९४२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. अडचण अशी की हे पक्षी नेमके पावसाळ्याच्या सुमारास अंडी घालतात आणि तेव्हाच समुद्र होड्यांना बंद असतो. म्हणून या नोंदी सुट्या भेटींच्या आहेत आणि त्यांच्यामध्ये दशकांची अंतरे आहेत. दीडशे वर्षांच्या दोन्ही टोकांना माहिती आहे, मधली पाने कोरी आहेत. कोऱ्या पानांवरून सुरय वाढले की घटले, केव्हापासून आणि कशामुळे, हे सांगता येत नाही.

हुमायून अब्दुलअलींचे नाव आले म्हणून थोडे आपल्या घरातलेही बोलतो. आपल्या शाळांमध्ये 'मुस्लिम शास्त्रज्ञ' असा तक्ता भिंतीवर असतो. त्यात इब्न सीना, अल-बिरुनी यांच्या शेवटी डॉ. सलीम अलींचा फोटो असतो. १२ नोव्हेंबरला मुले भाषण पाठ करतात: पिवळ्या कंठाची चिमणी, मामांची बंदूक, सोसायटीतले मिलार्डसाहेब. त्या भाषणात एक गोष्ट कधी येत नाही. दहा वर्षांच्या सलीमने तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात घरटे केलेल्या चिमणीबद्दल चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. घरट्याबाहेर पहारा देणारा नर त्याने टिपला, तर मादीने दुसरा नर आणला. तोही टिपला, तर तिसरा. असे सात दिवसांत आठ नर. आज वाचताना अंगावर काटा येतो. शिकारीच्या नादातले ते पोर होते. पण त्या पोराने दिवस मोजले, नर मोजले आणि कागद जपून ठेवला, आणि अनेक दशकांनंतर ती नोंद पक्षिनिरीक्षकांच्या नियतकालिकात छापण्याच्या लायकीची ठरली. सलीम अली मोठे झाले ते बंदुकीमुळे नाही, या कागदामुळे.

त्यांचेच नातलग हुमायून अब्दुलअली. आणि १९८० च्या दशकात सोसायटीच्या माळढोक प्रकल्पाचे काम पाहणारे, नान्नजचा माळ ज्यांच्या अभ्यासात होता, ते अलिगढमध्ये शिकलेले असद रहमानी. पुढे १९९७ ते २०१५ ते सोसायटीचे संचालक होते. ही नावे मी 'पाहा, आमचेही लोक होते' असे म्हणायला घेत नाही. तक्त्याने ती गरज भागवली आहे. प्रश्न असा आहे की तक्ता लावणाऱ्या शाळेत वही कुणी का ठेवत नाही? नई जिंदगीतल्या किंवा विजापूर वेशीतल्या मुलाला सलीम अलींचे नाव माहीत असते, पण वीस किलोमीटरवरचा नान्नजचा माळ माहीत नसतो.

मोजणीचा इतिहास नेहमी पवित्र असतो असेही नाही. आपल्या भागातल्या माळढोकांचा एक जुना आकडा मिळतो तो एका शिकाऱ्याकडून. रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या इंग्रजाने १८०९ ते १८२९ या काळात अहमदनगर भागात ९६१ माळढोक मारले. त्याने मारलेले मोजले, म्हणून आज आपल्याला अंदाज करता येतो की हा माळ एके काळी कसा भरलेला असेल. मारणाऱ्याने हिशेब ठेवला, मग वाचवणाऱ्यांनी तो अर्धवट ठेवणे शोभत नाही.

हिशेब अर्धवट किंवा वाकडा का होतो, हेही पाहायला हवे. १९७९ चे अभयारण्य सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते. त्यात शेते, गावे, तालुक्याची ठिकाणे, सगळे आले. जमीन विकायची, बांधकाम करायचे, तर परवानगीचा खेळ. शेतकऱ्याला माळढोक म्हणजे सातबाऱ्यावर बसलेला पक्षी वाटू लागला. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले, पण मधल्या काळात मन दुखावले ते दुखावलेच. अशा ठिकाणी प्रत्येकाला आपापला आकडा हवा असतो. पक्षी शून्य झाला तर कुणाची जमीन सुटते, एक तरी उरला तर कुणाची योजना सुरू राहते, आणि बातमीवाल्याला 'दिसला' किंवा 'संपला' यांपैकी एक ठळक शब्द हवा असतो. कुणी मुद्दाम खोटे लिहिते असा माझा आरोप नाही. ज्या आकड्यावर पैसा, जमीन किंवा नोकरी टांगलेली असते, तो आकडा सरळ राहणे कठीण असते एवढेच म्हणतो. आम्हा शिक्षकांनी हे जवळून पाहिले आहे. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा पटावरची लाखो मुले वर्गात नव्हती. पटावर अनुदान होते, तुकड्या होत्या, पदे होती. म्हणून गैरहजर मुलेही हजर होती.

मुस्लिम वाचकाला आकड्यांचे हे राजकारण वेगळे शिकवायला नको. आपल्याबद्दल दोन गोष्टी वर्षानुवर्षे एकाच वेळी बोलल्या गेल्या: यांचे फार लाड होतात, आणि यांची संख्या फार वाढते. पहिल्या गोष्टीला उत्तर मिळाले ते २००६ मध्ये, न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने शाळा, नोकऱ्या, बँकांची कर्जे यांचे आकडे एकत्र मांडले तेव्हा. दुसऱ्या गोष्टीला उत्तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आहे. १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत मुस्लिम स्त्रीमागे मुलांचे प्रमाण ४.४ होते, २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ते २.३६ वर आले. याच काळात हिंदू स्त्रियांमध्ये ते ३.३ वरून १.९४ वर आले. कुणी फक्त एका वर्षाचा आकडा घेतला तर त्याला फरक दिसेल आणि तो भाषण ठोकेल. पाच फेऱ्या शेजारी ठेवल्या तर दिसते की दोन्ही रेषा खाली येत आहेत आणि मुस्लिमांची रेषा जास्त वेगाने येते आहे. अफवेला एक आकडा पुरतो. खरे सांगायला मालिका लागते. म्हणूनच २०२१ ला व्हायची जनगणना त्या वर्षी झाली नाही, याची आपल्याला इतरांपेक्षा जास्त काळजी वाटायला हवी होती.

यावर मला येणारे उत्तर ठाऊक आहे. यंत्रमाग बंद पडताहेत, पोरे रिकामी फिरताहेत, शाळांचे पट घसरताहेत, आणि सर, तुम्ही पाखरे मोजायला सांगता? प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणारा माणूस पोटतिडकीने विचारतो. पण पोटाचे प्रश्नही आपण असेच हरतो: निवेदन देताना आपल्याकडे चार आठवणी असतात, आकडे नसतात. आपल्या मोहल्ल्यात किती मुलांनी आठवीनंतर शाळा सोडली, याची दहा वर्षांची नोंद आपल्या हाताशी असती तर निवेदनाचे वजन वेगळे असते. मोजायची सवय पाखरांपासून लागली म्हणून ती माणसांच्या कामी येणार नाही, असे थोडेच आहे? शिवाय कुरआन पक्ष्यांनाही आपल्यासारख्याच उम्मती म्हणतो. ज्या उम्मतीच्या शेजारी आपण राहतो, तिची विचारपूस हा वेळ घालवणे नाही.

आणि आपल्याला ही सवय अगदी परकीही नाही. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी आपण गच्चीवर चढतो. चांद दिसला तर गवाही देतो. दिसला नाही तर तेही जाहीर होते आणि तीस रोजे पुरे होतात. न दिसणे ही आपल्याकडे नोंद असते. त्यावर लाखो लोकांचा उद्याचा दिवस ठरतो. चांद दिसावा अशी कितीही इच्छा असली तरी न दिसलेला चांद दिसला असे म्हणणे गुन्हा मानला जातो. पक्ष्यांच्या वहीला एवढाच प्रामाणिकपणा पुरतो.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा राज्यात पक्षिसप्ताह म्हणून पाळला जातो. ५ तारीख आपल्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसाची आणि १२ तारीख सलीम अलींच्या. सप्ताहात पोस्टर होऊ द्या, भाषणे होऊ द्या. पण त्याच वेळी प्रत्येक शाळेने, मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू कुठल्याही माध्यमाच्या, शाळेजवळचा एक उघडा माळ ठरवावा आणि एक वही उघडावी. माळढोकापासून सुरुवात करू नये. तो वनखात्याचा आणि शास्त्रज्ञांचा विषय आहे, त्याच्या घरट्याजवळ जाणेही योग्य नाही. आपण टिटवी घ्यावी. मार्च ते जूनमध्ये माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस चांगला, असे आपला शेतकरी मानतो; म्हणजे पाहणारे डोळे गावात आहेतच, फक्त लिहून ठेवणारा हात नाही. दर आठवड्याला एकच वार, एकच वेळ, एकच वाट. लांबून पाहायचे, अंड्याला हात लावायचा नाही, फोटोसाठी जवळ जायचे नाही. किती जोडपी, किती घरटी, किती पिल्ले. काही दिसले नाही तर जागा कोरी सोडायची नाही, शून्य लिहायचे. कोरी जागा म्हणजे कुणी गेले नव्हते. शून्य म्हणजे गेलो होतो आणि नव्हते. हा फरक मुलांना कळला तरी विज्ञानाचा अर्धा अभ्यासक्रम झाला.

सगळ्यांत अवघड गोष्ट वहीच्या मालकीची आहे. आपल्याकडे उपक्रम हौशी सरांचा असतो आणि सरांच्या बदलीबरोबर जातो. डिवोकीने चाळीसपेक्षा जास्त उन्हाळे दिले. सगळ्यांना ते जमणार नाही आणि जमायची गरजही नाही. शाळेकडे त्याहून टिकाऊ व्यवस्था आहे. मुख्याध्यापक बदलतात तेव्हा डेडस्टॉक रजिस्टरचा चार्ज दिला-घेतला जातो. मोडक्या खुर्च्या, फुटलेला नकाशा, एक घंटा, सगळ्यांवर सह्या होतात. पक्ष्यांची वही त्याच यादीत चढवावी. मोडक्या खुर्चीचा हिशेब पन्नास वर्षे टिकवणाऱ्या शाळेला टिटवीच्या घरट्यांचा हिशेब टिकवता येईल.

नान्नजच्या माळढोकासाठी कदाचित उशीर झाला आहे. राजस्थानात २०१९ पासून त्याची अंडी गोळा करून पिल्ले वाढवण्याचे काम सुरू आहे. अल्लाह करो आणि त्याला यश येवो. पण ज्या माळावर तो परत यायचा, तिथे टिटवी, धाविक, चंडोल आज किती आहेत आणि दहा वर्षांनी किती असतील, हे सांगणारे कुणीतरी इथलेच असायला हवे. या वर्षीच्या मार्चमध्ये वहीच्या पहिल्या पानावर तारीख घाला. तीन वर्षे त्या पानांना काहीच अर्थ वाटणार नाही, तरीही लिहीत राहा.